लॉगिन आहे, नोंदणी नाही

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘रुबी ऑन रेल्स’ची आठवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत एक छोटी कमांड आली. ती टर्मिनलवर टाइप केली की तुमच्या वेबसाइटला लॉगिन मिळतं. ईमेल-पासवर्डचं पान, लॉगआउट, पासवर्ड विसरल्यावर मेलवर येणारी लिंक, डेटाबेसमधली टेबलं, सगळं एका फटक्यात. रेल्स २००४ पासून आहे, म्हणजे एवढ्या साध्या सोयीला वीस वर्षं लागली. पण तयार झालेल्या फायली उघडून पाहिल्या तर एक पान त्यात सापडत नाही. साइन-अपचं. जुना माणूस आत येऊ शकतो, बाहेर जाऊ शकतो, पासवर्ड विसरू शकतो. नवा माणूस कुठून येणार, हे रेल्स सांगत नाही.

हे नजरचुकीने राहिलेलं नाही. आठव्या आवृत्तीच्या घोषणेतच म्हटलंय की नोंदणी तेवढी तुमच्यावर सोडली आहे, कारण ती प्रत्येक ॲपची वेगळी असते. आणि असं सोडून देणारे रेल्सवाले पहिले नाहीत.

कोड लिहिणं हे ज्यांचं काम नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पानं दाखवणं, डेटाबेसशी बोलणं, फॉर्म तपासणं या गोष्टी प्रत्येक वेबसाइटला लागतात. त्या पुन्हा पुन्हा लिहाव्या लागू नयेत म्हणून कुणीतरी आधीच उभा केलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. मग नोंदणीसुद्धा प्रत्येक साइटला लागतेच की. ती सांगाड्यात का नको? हा वाद आमच्या धंद्यात वीस वर्षं चालू आहे आणि नव्या मुलांना तो आळशीपणाचा वाद वाटतो. मलाही आधी वाटायचा. इतिहास वाचत गेले तसं लक्षात आलं की इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच फॉर्मखाली दडल्या आहेत. एक, आलेल्या माणसाला ओळखणं. दुसरी, त्याला मुळात आत घ्यायचं की नाही हे ठरवणं.

पासवर्डची गोष्ट बहुतेक वेळा एमआयटीपासून सांगतात, तर आपणही तिथून सुरू करू. १९६१ साली फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची यंत्रणा दाखवली. एकच महाकाय कॉम्प्युटर, अनेक टर्मिनलं, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या. फायली वेगळ्या ठेवायच्या तर कोण कोण आहे हे कळलं पाहिजे, म्हणून पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकाने पंच कार्ड टाकून पासवर्डची अख्खी फाईल छापून घेतली. त्याला आठवड्याला मिळणारे तास पुरत नव्हते, एवढंच कारण. नंतर काही वर्षांनी तर एका गोंधळात ‘आजची सूचना’ आणि पासवर्डची फाईल यांची अदलाबदल झाली आणि जो लॉगिन करेल त्याला सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले.

हे किस्से सगळे सांगतात. त्यात न सांगितली जाणारी गोष्ट अशी की सीटीएसएसला साइन-अपचं पान नव्हतं. खातं उघडायचं तर तुम्ही विद्यापीठातले असायला हवं, कुणीतरी तुम्हाला मशीनचे तास मंजूर करायला हवेत आणि मग कुणीतरी हाताने तुमची नोंद करणार. नोंदणी कोडमध्ये नव्हती, ऑफिसात होती. वेबच्या सुरुवातीलाही तेच. १९९६ मध्ये एचटीटीपीचं पहिलं अधिकृत वर्णन प्रसिद्ध झालं, त्यात लॉगिनची सोय आहे. ब्राउझरमधून उगवणारी ती ओबडधोबड चौकट, नाव आणि पासवर्ड मागणारी, काहींना आठवत असेल. पण त्यातली नावं सर्व्हरवरच्या एका फाईलमध्ये असायची आणि ती भरायचा ॲडमिन. ओळखायचं काम मशीनचं, आत घ्यायचं माणसाचं. ही वाटणी जुनी आहे.

मग हॉटमेलसारख्या साइट आल्या आणि कुणीही, कुठूनही, अर्ध्या रात्री स्वतःच स्वतःला आत घेऊ लागलं. यात केवढी उलथापालथ होती हे आपल्याला आज जाणवत नाही, कारण आपण तिच्यातच वाढलो.

आता कॅन्ससमध्ये जाऊ. अमेरिकेच्या मध्यावरचं लॉरेन्स हे विद्यापीठाचं छोटं शहर, तिथलं वर्तमानपत्र ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’. या पेपरच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये पायथनमध्ये काम सुरू केलं. बातमीदारीच्या डेडलाइनी सांभाळत जे साधन तयार झालं ते २००५ च्या जुलैमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. तेच जँगो. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून.

जँगोत लॉगिन पहिल्यापासून आहे. पासवर्ड बदलणं, विसरणं, कुणाला कशाची परवानगी, हेही आहे. माणूस तयार करायचा छोटा फॉर्मसुद्धा आहे. पण तो फॉर्म लावलेलं, कुणालाही उघडता येईल असं नोंदणीचं पान नाही. आजही नाही. त्यासाठी जेम्स बेनेट यांनी २००७ मध्ये ‘जँगो-रजिस्ट्रेशन’ नावाचं वेगळं पॅकेज काढलं आणि गंमत म्हणजे तेही त्याच पेपरात कामाला होते.

जँगोमधल्या ‘युझर’चं टेबल उघडून पाहा. त्यात एक रकाना आहे, ‘इज स्टाफ’. हा माणूस कर्मचारी आहे का? जगातल्या कोणत्याही जँगो साइटवर, मग ती केकची ऑर्डर घेणारी असो की कविता छापणारी, मूळ टेबल जसंच्या तसं वापरलं असेल तर हा रकाना असतोच. मला तो रकाना बघताना वर्तमानपत्राची कचेरी दिसते. तिथे युझर म्हणजे वार्ताहर, उपसंपादक, फोटो चढवणारा मुलगा. त्यांची खाती संपादक विभाग उघडणार. वार्ताहर स्वतःहून साइन-अप करून पेपरात बातमी टाकायला लागला तर काय होईल? नोंदणीचं पान का नाही, याचं माझ्या लेखी हेच उत्तर आहे. हा माझा अंदाज, पण रकाना पुरावा म्हणून अजून तिथेच आहे.

त्याच टेबलात आणखी एक गंमत आहे. ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’. दोनच. मधलं नाव नाही. सुरुवातीला दोन्हींना तीस अक्षरांची मर्यादा होती, युझरनेमलाही तीस. ईमेललाच युझरनेम करायला निघालेल्या लोकांनी या तिसावर किती डोकं आपटलं असेल! ती मर्यादा वाढवायलाच अनेक आवृत्त्या गेल्या. युझरनेमची १.१० मध्ये वाढली, आडनावाची २.० मध्ये, पहिल्या नावाची थेट ३.१ मध्ये. कारण तोवर अगणित साइट त्या टेबलावर उभ्या होत्या. जोत्याचा दगड हलवायचा तर वरच्या माळ्यावरचे लोक ओरडणारच. २०१३ मध्ये १.५ आवृत्तीत ‘स्वतःचा युझर स्वतः बनवा’ ही सोय आली. पुढे जँगोचं अधिकृत मार्गदर्शकच नवा प्रकल्प सुरू करताना पहिल्या दिवशी स्वतःचा युझर करून ठेवायला सांगू लागलं. आम्ही दिलेला सोफा चांगला आहे, पण तुमचा आणा, असा काहीसा प्रकार.

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं. कितीतरी सरकारी फॉर्मवर आडनाव आधी. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सरकारी कागदपत्रांवर आईचंही नाव लावायचं ठरवलं: आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चार भाग. नोंदणीचा फॉर्म म्हणजे माणूस कशाकशाचा बनलेला आहे याची एक व्याख्याच. ती कॅन्ससमध्ये वीस वर्षांपूर्वी केली असेल तर ती त्यांच्यापुरती बरोबर होती.

उलट बाजूचा प्रयोगही झाला आणि तो मायक्रोसॉफ्टने दणक्यात केला. २००५ च्या शेवटी आलेल्या एएसपी डॉट नेट २.० मध्ये ‘क्रिएट युझर विझार्ड’ नावाची वस्तूच होती. पानावर ओढून टाकायची की नोंदणी तयार. युझरनेम, पासवर्ड, ईमेल, आणि एक सुरक्षा-प्रश्न व त्याचं उत्तर. काही बदललं नाही तर पासवर्ड किमान सात अक्षरांचा आणि त्यात एक तरी चिन्ह हवंच. त्या काळच्या समजुतीनुसार सगळं उत्तम.

सप्टेंबर २००८ मध्ये सारा पेलिन उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना एका विद्यार्थ्याने त्यांच्या याहू मेलमध्ये शिरकाव केला. त्याने कुठलंही कुलूप तोडलं नाही. जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा कुठे भेटला या प्रश्नांची उत्तरं त्याने शोधून काढली आणि पासवर्ड नवा करून घेतला. प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतीत ही माहिती जगजाहीर असते आणि आपल्या बाबतीत ती मावशीला ठाऊक असते. याहूचा मायक्रोसॉफ्टच्या विझार्डशी काही संबंध नव्हता, पण समजूत तीच होती. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने लिहून ठेवलं की असे प्रश्न विचारू नका आणि ‘एक तरी चिन्ह हवं’ अशा अटीही लादू नका. विझार्डमधल्या दोन गोष्टी बारा वर्षांत सल्ल्यातून निषिद्धात गेल्या. मायक्रोसॉफ्टने स्वतः २०१३ मध्येच ती पद्धत मागे टाकून नवी आणली होती. पण विझार्ड ओढून टाकलेल्या जुन्या साइट कोण बदलणार?

इथवर वाचून वाटेल की मी फ्रेमवर्कने काहीच देऊ नये या बाजूची आहे. अजिबात नाही. काहीच न दिल्यावर काय होतं तेही पाहिलं पाहिजे.

रॉकयू नावाची कंपनी सोशल नेटवर्कवरची छोटी ॲप बनवायची. डिसेंबर २००९ मध्ये तिचा डेटाबेस फुटला आणि सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले. जसेच्या तसे, साध्या अक्षरांत. सर्वांत लोकप्रिय पासवर्ड होता १२३४५६. आता, पासवर्ड साठवू नये, त्याचा उलट न फिरवता येणारा चुरा साठवावा, आणि प्रत्येकाच्या चुऱ्यात वेगळं मीठ टाकावं, हे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या अनुभवावरून १९७९ सालीच छापलं होतं. आमच्याकडे त्याला खरोखरच ‘सॉल्ट’ म्हणतात. तीस वर्षांचं जुनं ज्ञान. जून २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख चुरे बाहेर पडले, आणि ते अळणी होते. ही तर इंजिनिअरांनी भरलेली कंपनी. ज्याला त्याला आपापलं ओळखायचं यंत्र बनवू दिलं की असं होतं, कारण ते गणिताचं काम आहे आणि गणितात मौलिकता दाखवायची नसते. जँगोने त्याच वर्षी आपला चुऱ्याचा मूळ प्रकार आणखी मजबूत केला. नव्या आवृत्तीवर गेलेल्या साइटचे पासवर्ड पुढच्या लॉगिनला आपोआप नव्या प्रकारात गेले. साइटवाल्यांना काही करावं लागलं नाही. फ्रेमवर्कचा खरा उपयोग हा.

पण रॉकयूची गोष्ट तिथे संपत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना अडीच लाख डॉलरचा दंड लावला, तो पासवर्डसाठी नव्हता. नोंदणीच्या फॉर्मवर ते जन्मवर्ष विचारत होते. म्हणजे समोरचं पोर तेरा वर्षांखालचं आहे हे त्यांना कळत होतं, आणि तरी त्याला आत घेत होते. अशी सुमारे १ लाख ७९ हजार मुलं होती. तिथल्या १९९८ च्या कायद्यानुसार आईवडिलांची परवानगी घ्यायला हवी होती. चुरा, मीठ वगैरे सगळं अगदी बिनचूक असतं तरी हा दंड टळला नसता.

२०१५ ची ॲशली मॅडिसनची गोष्ट मला याहून बोचते. विवाहबाह्य संबंध जुळवून देणारी ही साइट फुटली आणि सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांची माहिती उघड झाली. त्यांचे पासवर्ड बीक्रिप्ट या भरवशाच्या पद्धतीने साठवलेले होते. दुसऱ्या एका ठिकाणच्या ढिलाईमुळे त्यातले एक कोटीहून अधिक पुढे फुटले, पण मूळ निवड योग्य होती. खरी गफलत दारातच होती. नोंदणी करताना दिलेला ईमेल खरंच तुमचा आहे का, हे ते तपासतच नव्हते. कुणीही तुमचा पत्ता टाकून तुमच्या नावाचं खातं उघडू शकत होतं. यादी बाहेर आल्यावर लोकांनी आपल्या ओळखीचे पत्ते शोधले. ज्याचा पत्ता सापडला त्याने ‘मी नव्हतो’ म्हटलं तर ते सिद्ध कसं करायचं? कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या गोपनीयता आयुक्तांनी २०१६ मध्ये संयुक्त अहवालात या मुद्द्यावर बोट ठेवलं: जे कधी सदस्य नव्हतेच अशा लोकांवरही इथे अन्याय झाला.

ईमेल तपासायचा की नाही, ही तांत्रिक बाब वाटते. फॉर्म सोपा ठेवला तर लोक जास्त येतात. एक लिंक वाढवली की काही जण अर्ध्यातून निघून जातात. हा धंद्याचा हिशोब आहे आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली.

हे डोक्यात ठेवून जोझे वालिम यांचा प्रवास बघण्यासारखा आहे. २००९ मध्ये ब्राझीलमधल्या त्यांच्या कंपनीने रेल्ससाठी ‘डिव्हाइज’ काढलं. रेल्समध्ये लॉगिन नव्हतंच. २००५ मध्येच रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी असे मोठे तयार तुकडे मन भरकटवतात अशी भूमिका घेतली होती. त्यामुळे डिव्हाइज तुफान चाललं. त्याचे भाग मोठे मजेशीर नावांचे: रजिस्टरेबल, कन्फर्मेबल, रिकव्हरेबल, लॉकेबल. नोंदणीयोग्य, खात्रीयोग्य... आपल्या व्याकरणाच्या पुस्तकातलेच. पण बारकाईने पाहा. डिव्हाइज बसवलं की नोंदणी चालू अवस्थेत मिळते आणि ईमेलची खात्री कॉमेंटमध्ये, म्हणजे बंद. उघडायची तर तुम्ही उघडा. किती जण उघडतात? आणि त्याच डिव्हाइजच्या माहितीपत्रकात लिहिलंय की तुमचं हे पहिलंच रेल्स ॲप असेल तर कृपया हे वापरू नका. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच मनाई.

याच वालिम यांनी पुढे इलिक्सर ही भाषा बनवली. तिच्या फिनिक्स फ्रेमवर्कमध्ये २०२१ साली लॉगिन आणि नोंदणी आली, पण वेगळ्या रूपात. कमांड दिली की कोड तुमच्या प्रकल्पात लिहून मिळतो आणि तिथून तो तुमचा. डिव्हाइजमध्ये नोंदणी एका बंद खोक्यात होती, इथे ती तुमच्या टेबलावर पसरलेली असते. वाचा, खोडा, बदला. चुरा करणारं गणित मात्र लायब्ररीतच राहतं. डिव्हाइज सांभाळलेल्या माणसाने दुसऱ्या वेळी असं केलं, हे मला बऱ्याच काही शिकवणारं वाटतं. पीएचपीच्या लाराव्हेलमध्येही २०१५ पासून नोंदणीसकट असाच कोड लिहून मिळायचा. त्यांनी पुढच्या दहा वर्षांत त्याची मांडणी निदान तीनदा बदलली. बदलता आली, कारण जुन्या साइटच्या हातात त्यांची त्यांची प्रत होती.

तेव्हा माझी बाजू अशी: ओळखण्याचं यंत्र फ्रेमवर्कनेच द्यावं आणि त्यात कुणाला बोट घालू देऊ नये. नोंदणी द्यायची तर लिहून हातात द्यावी, खोक्यात नको. आणि खात्रीची लिंक मात्र चालू ठेवून द्यावी. ज्याला बंद करायची त्याने स्वतः ती ओळ खोडावी, म्हणजे निदान खोडताना हात थांबेल.

यावर माझ्या मित्रांचा आक्षेप असतो की आपल्याकडे ईमेल वापरतंच कोण. खरंय. इथे माणूस म्हणजे दहा आकडे. फोन नंबर, ओटीपी, झालं. आणि तो ओटीपी पाठवायचा तर मेसेजचा मसुदा आधी डीएलटीवर नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणजे नोंदणीच्या पानाची आधी नोंदणी. अमेरिकेत वा ब्राझीलमध्ये बसलेल्या कुठल्याही फ्रेमवर्कला हे ठाऊक असणं शक्य नाही. त्यात घरात एक फोन असेल तर आजी, आई आणि मुलगी यांची खाती तीन की एक? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्याकडे अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. अमेरिकेत तेरा, आपल्याकडे अठरा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. सतरा वर्षांची मुलगी मोबाईलवर कॉलेजच्या नोट्सचं ॲप उघडते तेव्हा तिच्या वडिलांना काय विचारायचं, कसं, आणि तिने त्यांना न सांगता आलेली असेल तर काय, हे त्या एका पानावर ठरणार आहे.

सध्या मी एका हाउसिंग सोसायटीचं छोटं ॲप करतेय. पाण्याच्या तक्रारी, मेंटेनन्सच्या पावत्या, नोटीस बोर्ड, एवढंच. लॉगिन एका दुपारी झालं. नोंदणीसाठी मी सेक्रेटरी काकांना चार प्रश्न पाठवले. भाडेकरू स्वतः खातं उघडू शकतो की मालकाने उघडून द्यायचं? एका फ्लॅटला खाती किती? नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर पावती कुणाला दिसणार? भाडेकरू सोडून गेला की त्याचं खातं कोण बंद करणार, आणि त्याच्या तक्रारी कुणाच्या नावावर राहणार? काकांनी लिहिलंय, “हे कमिटीपुढे ठेवावं लागेल.” पहिल्या बैठकीत दुसऱ्या प्रश्नापर्यंतच पोचले. भाडेकरूंना बैठकीला बोलवायचं का, यावरून पुढची लांबलीय.